उच्चारांसाठी साहाय्य

"अजून जरा लांबव. पार कानापर्यंत ने," सर म्हणाले.

त्यांच्या बायकोनं माझी हनुवटी धरली आणि काजळाचं बोट माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यातून कानशिलापर्यंत ओढलं. मला चिनी करायचं चाललं होतं.

मी चिनीच होते. म्हणजे माझे वडील, आपा, चिनी. आई नगरजवळच्या खेड्यातली, मराठी ख्रिस्ती. माझे डोळे आपांचे, रंग आईचा. पण एवढं चिनीपण सरांना पुरत नव्हतं.

कोल्हारच्या शाळेतला तो एक वर्ग होता. बाहेर मांडवात माणसं जमली होती. दुष्काळाचं साल. प्रवरेचं पाणी तळाला गेलेलं. तरी साहित्याचा कार्यक्रम होता, सत्कार होता, फेटे होते. सर नगरच्या कॉलेजात मराठी शिकवायचे. ते चिनी कथा वाचणार होते. मी शेजारी कागदी छत्री घेऊन उभं राहायचं आणि त्यांनी मान हलवली की चिनीत दोन वाक्यं म्हणायची. "वातावरणनिर्मिती," सर म्हणाले. बाईंनी माझ्या अंबाड्यात दोन सुया खोचल्या. स्वेटर विणायच्या सुया. मी आरशात बघितलं आणि हसले. बाईंना वाईट वाटू नये म्हणून हसले. त्या हसण्याची मला आजही शरम वाटते.

कारण ती कथा माझी होती.

आपा नगरच्या बाजारात दात बसवायचे. लोक त्यांना चिनी डॉक्टर म्हणायचे. चीनशी लढाई झाली तेव्हा मी शाळेत होते. पोलिसांनी आपांना नेलं आणि राजस्थानातल्या छावणीत ठेवलं. पोलीस येणार हे त्यांना आधीच कळलं होतं. घरात चिनी अक्षर सापडायला नको म्हणून त्यांनी आपली सगळी पुस्तकं अंघोळीच्या बंबात घातली. आठवडाभर आम्हाला कढत पाणी मिळालं. आईच्या माहेरी राहिलेलं लोककथांचं एक पुस्तक तेवढं बचावलं. आपा परतले तेव्हा दुसऱ्यांना दात बसवणाऱ्या माणसाचे स्वतःचे पुढचे दात नव्हते. कसे पडले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

तेव्हापासून आम्ही पोलिसांच्या दप्तरात परदेशी. आपांबरोबर मीसुद्धा. माझा जन्म नगरचा, पहिला शब्द मराठी, पण हिशेब बापाच्या रक्ताचा. गावाच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी काढायची. राहुरीला मामाचं लग्न झालं, तेव्हा आई एकटी जाऊन आली. आम्ही बापलेक घरी पिठलं-भाकरी खाऊन झोपलो.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की आपा त्या पुस्तकातलं एक पान वाचायचे. मग पुस्तक मिटून, त्यांच्या घरच्या हक्का बोलीत ते मला सांगायचे. मी मराठीत लिहायचे. त्यांच्याकडूनच मी चिनी अक्षरं शिकले होते, पण माझं अक्षरओळखीचं बळ तोकडं. एखादा शब्द मराठीत सापडेना की शेजारच्या शिंपीचाचांच्या उर्दूतून वाट काढायची, नाहीतर शाळेतल्या इंग्रजीतून. लिहून झालं की संध्याकाळी आईला वाचून दाखवायचं. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "असं कोन बोलतं गं?" की ते वाक्य बाद. आई गप्प राहिली तर वाक्य पास. अशानं एक कथा व्हायला अख्खा पावसाळा जायचा.

कॉलेजात गेल्यावर मी त्या कथा भीतभीत सरांना दाखवल्या. सरांनी वाचल्या. डोळे पुसले. "ठेवून जा, जरा हात फिरवतो," म्हणाले. मी आनंदानं घरी पळत आले.

मग एका मासिकात कथा छापून आली. 'मूळ चिनीवरून' असं वर, खाली सरांचं नाव. शेवटी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ. उच्चारांसाठी साहाय्य : नगर येथील चिनी डॉक्टरांची कन्या.

कन्या. नाव नाही.

मी विचारलं. सर चिडले नाहीत, उलट समजावून म्हणाले, "चिनी माणसाचं मराठी कोण वाचणार? लढाई लोक विसरलेले नाहीत. सध्या नाव माझं असू दे. तुझ्या भल्याचंच सांगतोय."

मी म्हणाले, "हो सर."

आणि पुढची कथाही देऊन आले. छापलेली कथा तरी आपली आहे, असं मनाला समजावत राहिले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही आपल्याच हातानं. आपांना मी मासिक दाखवलं तेव्हा त्यांनी कागदावर बोट फिरवून विचारलं, "तुझं नाव कुठलं?" त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. मी सरांच्या नावावर बोट ठेवलं. दुसरं काय करणार? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कोल्हारला न्यायची परवानगी सरांनीच काढली. स्वतः जामीन राहिले. एसटीत दोनदा आठवण करून दिली, "माझ्या जबाबदारीवर आणलंय तुला."

मांडवात सर वाचायला लागले. आवाज छान होता त्यांचा. एक गरीब मोची, त्याचा शिकून मोठा अंमलदार झालेला पोरगा, आणि चारचौघांत बापाला ओळख न देणारा तो पोरगा, अशी ती कथा. सरांनी मान हलवली. मी चिनीत वाक्य म्हटलं. बापाचं वाक्य होतं ते, पोराच्या दारातलं. मांडवात हशा पिकला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. "चिंग चांग चू!" पोरं ओरडली.

सर हसून हळूच म्हणाले, "परत एकदा. जरा लाडात."

मी परत म्हटलं. लाडात. एका बापाचं दुखणं मी छत्री फिरवत म्हटलं.

वाचन संपलं. मूळ कथेत शेवटी म्हातारा मोची एक शब्द न बोलता निघून जातो. सरांनी तिथं पोराला बापाच्या पायावर पाडून रडवलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणजे त्या भागातले एक बडे बागाईतदार. त्यांनी माइक ओढून कौतुकानं विचारलं, "सर, ही चिनी भाषा तुमी शिकला कधी?"

"साधना आहे, साहेब," सर म्हणाले. "हिचा बाप नगरला दात बसवतो. त्याच्याकडून चार उच्चार तपासून घेतले. बिचाऱ्याला तेवढंच समाधान."

आयत्या बिळावर नागोबा बसतो हे ठाऊक होतं मला. पण बीळ खणणाऱ्याला तो बिचारा म्हणतो, हे मी पहिल्यांदा ऐकलं. आणि माझे आपा त्या एका शब्दात मावले. बंब, छावणी, पडलेले दात, सगळे. माझं डोकं फिरलं.

मी छत्री मिटून टेबलावर ठेवली. माइकपाशी गेले.

"हे खोटं आहे," मी म्हणाले. "सरांना चिनी येत नाही. ही कथा माझ्या वडलांनी सांगितली आणि मी मराठीत लिहिली. शेवट सरांनी बदललाय. पोरगा रडत नाही."

मग पुढच्या सतरंजीवरची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगं बया! ही तर आपल्यावानी मराठी बोलतीया की!"

सगळा मांडव हसला. अध्यक्षही. मी काय सांगितलं ते कुणी ऐकलंच नव्हतं. छत्रीवाली बाहुली मराठी बोलते, एवढंच त्यांना कळलं होतं. इतकी लाज मला काजळ लावतानासुद्धा वाटली नव्हती.

सर जवळ आले. ओठ न हलवता म्हणाले, "जामीन मी आहे. विसरू नकोस."

मी केसांतल्या सुया काढून त्यांच्या हातात दिल्या आणि चालत निघाले. परतीची नोंद पोलीस चौकीत करावी लागायची. जामीनदारासोबत.

हवालदारानं कागद बघितला, मला बघितलं. काजळ गालावर ओघळलं होतं.

"जामीनदार कुठं हाय?"

"मांडवात. मी एकटी जाणार."

"आसं चालत न्हाई, बाई."

"मग मला आत बसवा. त्यांच्याबरोबर मी जाणार नाही."

तो बराच वेळ कागद उलटापालटा करत राहिला. शेवटी वैतागून शिक्का मारला. "जावा. पर नगरात उतरल्या उतरल्या चौकीत हजेरी द्या. न्हाईतर माज्या नोकरीवर यील."

पुढच्या आठवड्यात सरांनी जामीनकी काढून घेतली आणि आमच्याविरुद्ध पोलिसांत अर्जही केला. आपांना चौकीत महिन्याची हजेरी होती, ती आठवड्याची झाली. आई रडून म्हणाली, "कशाला त्वांड उघडलंस? आपल्याला हितंच ऱ्हायचं हाय ना?"

आपा त्यांच्या बोलीत म्हणाले, "जा, माफी माग. नावात काय असतं?"

आपांनी असं म्हणावं याचं मला फार वाईट वाटलं. छावणीनं त्यांचे नुसते दातच नेले नव्हते. मी म्हणाले, "आपा, तुमचं नाव पोलिसांच्या प्रत्येक कागदावर आहे. एका कथेवर असलं तर काय बिघडलं?"

ते उठून दुकानात गेले. माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत.

मी माफी मागितली नाही. सरांकडे उरलेल्या कथा मागायला गेले, तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. मी त्या पुन्हा लिहिल्या. मोचीची कथा तिच्या खऱ्या शेवटासकट मासिकांना पाठवली. वर मूळ कथा सांगणाऱ्या आपांचं नाव, खाली भाषांतर करणारी म्हणून माझं, पूर्ण, चिनी आडनावासकट. परत आली. दुसरीकडे पाठवली. तिथून चिठ्ठी आली, नाव बदललंत तर विचार करू.

मी नाव बदलणार नाही. चिनी बोलून दाखवणार नाही, चांगलं मराठी बोलते म्हणून पाठ थोपटून घेणार नाही. नावासकट छापायचं तर छापा. नाहीतर माझ्या मराठीला हात लावू नका.