जीपखालचं पाणी

वाडीत मांजरं मरायला लागली, तेव्हा सगळ्यांनी पहिलं बोट आमच्या घराकडे दाखवलं. आमचा धंदा मासळीचा. अंगणात बोंबील नाहीतर सुकट वाळत पडलेली, आणि त्यावर साऱ्या वाडीतल्या मांजरांचा डोळा. सासूबाई काठी घेऊन राखण करायच्या आणि मांजर दिसलं की "मर एकदाचं!" म्हणून ओरडायच्या. ते ओरडणं चार घरं ऐकत होती.

आधी एक बोका गेला. मग शेजारच्या काकींची पांढरी मांजर. दारू प्यायल्यासारखी लटपटत ती आमच्या कुंपणाच्या दगडी गडग्यावरून पलीकडे उतरली आणि काकींच्या पडवीत पाण्याच्या भांड्याला तोंड लावून बसली. पीत राहिली, पीतच राहिली. दुसऱ्या दिवशी भांड्याशेजारीच आडवी झालेली होती. काकी गडग्याशी आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "मुक्या जिवाला विष घालणाऱ्याचं कधी बरं होत नाय."

त्यानंतर त्यांनी आमच्याशी बोलणं टाकलं. त्यांची नात मात्र यायची. तीन वर्षांची पोर, तिला कुठलं भांडण? गडग्याला पडलेल्या खिंडारातून आमच्या अंगणात उतरायची, तिथल्या खळग्याशी शंख-शिंपले मांडून खेळायची.

सासूबाईंना ते बोलणं फार लागलं. "मी शिव्या घालते, विष नाय घालत," त्या म्हणाल्या. ग्रामदेवीपुढे नारळ ठेवून त्यांनी गाऱ्हाणं घातलं : ज्याच्या हातनं हे घडत असेल त्याला समोर आण.

माझं अर्धं लक्ष महिनाभर आधीपासूनच जीपमध्ये अडकलेलं. नवरा बोटीवर, आणि पहाटे हर्णैच्या बंदरावरून मासळी उचलून खेडच्या बाजारात पोचवायची ती मी. जीप माझ्या लग्नाच्याही आधीची. पावसाळ्यानंतर तिचं काहीतरी बिनसलं होतं. दापोली सोडून घाटाला लागलं की तापमानाचा काटा हळूहळू वर सरकायचा. मी खिडकी उघडून वेग कमी करायची, काट्याकडे बघत राहायची. गाडी थंड झाल्यावर इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची टाकी बघावी तर पाणी कमी. रोज कमी. गळती मात्र कुठे दिसेना. दिसणार तरी कशी? मासळीच्या खोक्यांतलं बर्फाचं पाणी गाडीखाली सतत ठिबकायचं, आणि आमचं अंगण म्हणजे उघडा जांभा दगड, खळगे सोडले तर घटकेत सगळं पिऊन टाकणारा.

सुरुवातीलाच नवऱ्याचा फोन लागला तेव्हा तो म्हणाला होता, "साधं पाणी नको घालत राहू, आतून गंज धरतो. कूलंट आण."

मी खेडहून कॅन आणला. आतलं पाणी हिरवंगार, सरबतासारखं. दर दोन-तीन दिवसांनी मी ते टाकीत ओतत राहिले.

काकींची दुसरी मांजर गाभण होती. तीही गेली. त्या दिवशी काकी रडल्याही नाहीत. अंगणात उभ्या राहून आमच्या दाराकडे नुसत्या बघत राहिल्या. मी दार लोटून घेतलं.

पुढच्या फोनवर नवऱ्यानं सांगितलं, "खोकी उतरव, गाडी खालून धुऊन कोरडी कर आणि रात्री इंजिनाखाली पुठ्ठा पसरून ठेव. कुठून गळतंय ते सकाळी कळेल."

सकाळी पुठ्ठ्यावर हिरवा डाग होता, इंजिनाच्या पुढच्या भागाच्या बरोबर खाली. शेजारी जांभ्याच्या खळग्यातही थोडं हिरवं साचलेलं. डागाच्या कडेला मांजराच्या ओल्या पावलांचे ठसे होते. मी ते पाहिले. पण गळती सापडली याच आनंदात होते. पुठ्ठा तसाच टाकून मी खेडला निघाले.

मासळी उतरवून जीप गॅरेजला लावली. मेकॅनिकने आधी तिला नीट थंड होऊ दिलं. "तापलेलं झाकण उघडलं तर तोंड भाजतं, वहिनी." मग एकेक वस्तू दाखवत गेला. रेडिएटरच्या झाकणाचा रबरी वॉशर तडकलेला. खालचा होज पाईप क्लिपजवळ फुगून मऊ पडलेला. मग त्याने टॉर्च आत धरला. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक होतं आणि तिथून खाली पांढरट-हिरवा ओघळ सुकलेला. त्याने पंपाची पुली हलवली, ती सैल दातासारखी हलली.

"आतलं सील गेलंय. पंप बदलायचा, होज बदलायचा, झाकण नवं. थर्मोस्टॅटपण टाकून घेऊ, एवढं खोललंय तर." तो खाली तसराळं सरकवून जुनं कूलंट काढायला लागला. हिरवी धार पडायला लागली तसं त्याने सहज विचारलं, "घरी कुत्रं-मांजर नाही ना?"

"का?"

"हे गोड लागतं त्यांना. चाटतात आणि मरतात. माझा कुत्रा असाच गेला. म्हणून मी हे उघडं ठेवत नाही. माणसालाही विषच."

मला पावलांचे ठसे आठवले. मग खिंडार आठवलं, आणि खळग्याशेजारी रोज मांडले जाणारे शिंपले.

सासूबाईंना फोन लावला. नुसता वाजत राहिला. त्या वेळी त्या बंदरावर असायच्या, फोन घरात फळीवर. मग काकींना लावला. त्यांनी कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा मेकॅनिकने स्वतःच्या फोनवरून नंबर लावून दिला. या वेळी काकींनी उचलला.

"काकी, फोन ठेवू नका. तुमची मांजरं आमच्या गाडीच्या पाण्यानं मेली. अंगणात अजून आहे ते. पोर कुठाय? आधी पोरीला उचला!"

 पलीकडे भांडं पडल्याचा आवाज, धावती पावलं, आणि लांबून काकींची हाक. एकदा. दुसऱ्यांदा. तिसरी हाक किंकाळीसारखी होती.

"शिंपल्यात ते पाणी भरून खेळतेय गो ती!" काकी फोनवर ओरडल्या. "हात हिरवे झालेत! तोंडात घातलान का काय, मला कसं कळायचं?"

"हात-तोंड धुवा आणि तडक दापोलीला न्या. डॉक्टरांना गाडीचं कूलंट म्हणून सांगा. मी येतेय."

जीप उघडीनागडी गॅरेजमध्ये टाकून मी एसटी पकडली. घाटात गाडी वळणं घेत होती आणि मी पोरीच्या वयाचा, तिच्या इवल्याशा पोटाचा विचार करत होते. दवाखान्यात पोचले तर पोर खाटेवर बसून सलाईनच्या नळीकडे बघत होती. डॉक्टर म्हणाले, "चाटलं असेल तरी अगदी थोडं. पण आत्ताच काही सांगता येणार नाही. हे किडनीवर जातं, लघवीवर लक्ष ठेवू."  काकींनी बाकावर सरकून मला जागा दिली. पोर दोन-तीनदा पेंगली, आणि प्रत्येक वेळी, मांजरासारखी गुंगी तर नाही ना या भीतीने, आम्ही दोघी एकदम उठून तिला हलवून जागं केलं.

तिला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सोडलं.

जीपही दुरुस्त होऊन आली. काटा मध्यावर यायचा आणि घाटभर तिथेच थांबायचा. मी पुठ्ठा उचलून बंद पिशवीत भरला, खळगा धुऊन त्यात सिमेंट भरलं. सासूबाई स्वतः काकींच्या दारात गेल्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्याच अंगणातलं विष होतं. तू खोटं बोलली नव्हतीस." काकींनी त्यांना आत बोलावलं, चहा केला. पण दुसऱ्या दिवशी गडग्याचं खिंडार चिऱ्यांनी बुजवलेलं दिसलं. 

महिन्याभराने मी बॉनेट उघडून पाणी बघत होते. काकी गडग्यापलीकडे येऊन थांबल्या. बराच वेळ त्या इंजिनाकडे, एकमेकांत गेलेल्या त्या काळ्या नळ्यांकडे बघत होत्या.

"आणखी काय काय असतं गो यात, असलं?" त्यांनी विचारलं.

बॅटरीतलं पाणी, ब्रेकचं तेल, एवढी दोन नावं माझ्या ओठांवर आली. पुढचं मला खरंच माहीत नव्हतं. मी तसं त्यांना सांगितलं.