नाना धुमाळांनी तपासलेल्या गाड्या

भाड्याच्या गाडीत बसण्याआधी नाना धुमाळ तिला एक पूर्ण प्रदक्षिणा घालत. खिशातून वही काढत, चष्मा नाकावर सरकवत आणि गाडीवरचा एकेक पोचा, एकेक ओरखडा लिहून घेत. मग खाली ड्रायव्हरची सही. "उद्या म्हणाल, धुमाळांनी गाडी ठोकली! आधी लिहून ठेवलेलं बरं!" गाडी ड्रायव्हरच चालवणार, मग ती नाना कशी ठोकणार, हे विचारायची सोय नव्हती.

हे खूळ आलं होतं थेट अमेरिकेहून. नानांचा धाकटा भाऊ वसंता तिकडे कॅलिफोर्नियात. त्यानं एकदा पत्रात लिहिलं की विमानतळावर गाडी भाड्याने घेतली, आधी तिच्यावरचे ओरखडे नोंदवले आणि मग तो आणि त्याची बायको वाइन बनवणाऱ्या मळ्यांतून तीन दिवस हिंडले. सालवडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते पत्र नानांनी प्रत्येक बिऱ्हाडात वाचून दाखवलं. आमच्याकडे तर दोनदा. "बघा राऊत, याला म्हणतात सिस्टिम! नाहीतर आपण!" बोईसरच्या कारखान्यात आम्ही दोघं एकाच स्टोअरमध्ये. तिथे पिंपं मोजता मोजता मी ते मळे तिसऱ्यांदा ऐकले.

या सिस्टिमपायी आमच्या पुतणीचं लग्न हुकलं. माकुणसारला जायचं, पालघरच्या बबनची अँबॅसिडर दारात उभी, बायका शालू नेसून घामाघूम, आणि नाना मडगार्डपाशी उकिडवे बसलेले. बबन वैतागला. "धुमाळसायब, गाडी मी चालवनार हाय, तुमी नाय!" नाना म्हणाले, "म्हणून तर लिहून घेतोय." अठरा पोचे भरले. आम्ही पोचलो तेव्हा मांडवात पंगत बसली होती. पुतणीची आई, म्हणजे माझी भावजय, माझ्याशी महिनाभर बोलली नाही. नानांशी मात्र बोलली!

आणि एक दिवस वसंताचं पत्र आलं की तो येतोय. नऊ वर्षांनी. वडील गेले तेव्हा वसंता पाच वर्षांचा, त्याला नानांनीच वाढवलं. सालवडच्या घरात मात्र त्याचं पाऊल कधी पडलं नव्हतं. त्यानं एकदा यावं, आपल्या हातचं जेवावं, एवढं एकच नाना आणि त्यांच्या पत्नी सुशीलावहिनींच्या मनात होतं. पण ते सरळ बोलतील तर नाना कसले! त्यांनी कार्यक्रम आखला. विमानतळावरून गाडीनं सफाळे, माकुणसार, केळवे, ताडांची बनं दाखवत घरी, मग पुरणपोळी. "तिकडे द्राक्षं, इकडे ताड! आपण काय कमी आहोत?" गंमत म्हणजे ताडीच्या दुकानावरून जाताना नाना श्वास रोखून धरत. थेंबाला कधी शिवले नाहीत.

पाहुण्यांना विमानतळावरच पाजायला म्हणून पहाटे माकुणसारच्या पार्वतीबाईंकडून नीरेचा कॅन भरून घेतला. बाईंनी बजावलं, "भाऊ, ऊन चढायच्या आत पिऊन टाका. मग ती नीरा राहात नाय, ताडी होते." आम्ही किनाऱ्यावरची माणसं हे जन्मापासून जाणतो. घाटावरच्या नानांना कोण सांगणार? "झाकण घट्ट आहे, बाई!" म्हणाले आणि कॅन बबनच्या गाडीच्या डिकीत ठेवला. मीही गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, मला मजा बघायची होती.

विमान आलं दुपारी. वसंता आणि त्याची बायको बाहेर येताना दिसली तशी नानांनी डिकी उघडली, कॅन छातीशी धरला आणि झाकणाला हात घातला. फाट्कन आवाज झाला! नाना गळ्यापासून बुटापर्यंत फेसानं न्हाले. बबन पोट धरून हसला, मीही हसलो. वसंता पाया पडायला वाकला आणि तसाच ताठ झाला.

"दादा, तू प्यायला लागलास?"

नाना बाहीनं तोंडावरचा फेस पुसत राहिले. मी खुलासा करायला हवा होता, पण हसू आवरेना. वसंताची बायको नाकाला रुमाल लावून उभी. वसंता घड्याळ बघत म्हणाला, "तीनच दिवस आहेत रे, दादा. इथून गाडी ठरवलीय, नाशिकला द्राक्षांचे मळे बघायला जातोय. घरी पुढच्या वेळी." कॅलिफोर्नियात द्राक्षं बघून त्यांचं पोट भरलं नव्हतं!

मला वाटलं, आता नाना कडाडतील. ते गेले वसंतानं ठरवलेल्या गाडीपाशी. तिला प्रदक्षिणा घातली, पोचे लिहिले, ड्रायव्हरची सही घेतली आणि कागद वसंताच्या हातात दिला. "जपून जा. तुझ्यावर काही यायला नको." बस, एवढंच. वर्षभर आमचे कान किटवणारा माणूस भावासमोर 'घरी चल' हे दोन शब्द बोलला नाही.

घरी वहिनींनी पाच पानं मांडली होती. नाना तडक आंघोळीला गेले. वहिनींनी दोन पानं उचलली. मी तीन पोळ्या खाल्ल्या आणि नंतर कित्येक वर्षं तो फेसाचा किस्सा कारखान्यात रंगवून सांगितला. नानांसमोरसुद्धा. ते हसायचे. माझी मला लाज वाटते आता.

नाना निवृत्तीनंतर दोनच वर्षांत गेले. दिवसकार्य उरकल्यावर वसंता आला. वहिनींपुढे अर्धा तास बसला, चहा अर्धा ठेवला. मी त्याला खाली सोडायला गेलो, तेव्हा त्या दिवसाचं सगळं सांगून टाकलं. नीरा, पुरणपोळी, पाच पानं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते.

"दादा एकदा नुसतं 'घरी चल' म्हणाला असता ना राऊतसाहेब, तर मी सगळं सोडून आलो असतो."

"मग आता मी म्हणतो," मी म्हटलं. "वहिनींनी सकाळपासून स्वयंपाक करून ठेवलाय. वर चला, दोन घास खाऊन जा."

त्यानं डोळे पुसले आणि फाटकाकडे पाहिलं.

"नको. गाडी थांबलीय."