मल्हारचं नसलेलं कार्ड

माझा भाऊ काय काम करतो असं कुणी विचारलं, की माझं डोकंच फिरतं. मल्हार कार्ड दुरुस्त करतो. कसलं? नेटवर्कचं. कुठाय ते? कुठंच नाही! आईनं ऐकलं तेव्हा म्हणाली, "आगं, नसलेलं दुरुस्त करायला पगार कोण देतंय?" पण देतात खरं. पुण्याची कंपनी आहे. कारखान्यांतले जुने कॉम्प्युटर मोडीत निघाले, की त्यांच्यावरचे प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालवायचे. मात्र त्या प्रोग्रॅमला वाटलं पाहिजे की आपण जुन्याच मशीनमध्ये आहोत. म्हणून त्या मशीनचा एकेक भाग हे लोक नुसता प्रोग्रॅम लिहून उभा करतात. त्यातलं नेटवर्क कार्ड मल्हारच्या वाट्याला आलंय.

विश्रामबागेत माझी खानावळ आहे, तिच्या वरच्या खोलीत तो राहतो. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं, त्यामुळं की काय, गप्प बसून वाट बघणं त्याला फार जमतं. बोलणं मात्र जमत नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा यानं खानावळीच्या भाकऱ्या थापल्या, वेड्यावाकड्या, काठ करपलेल्या, आणि जेवायला येणाऱ्या पोरींना वाढल्या. एक शब्द बोलला नाही. असा भाऊ कुणाला मिळतो हो?

एका दुपारी तो जिना उतरून धावतच आला. "ताई, सापडलं!"

"काय सापडलं? ताट तर वर तसंच पडलंय तुझं."

मग तो चक्क बोलायला लागला. कार्डाच्या आत छोटे छोटे खाने असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. कार्ड चालू झाल्याझाल्या, कुणी काही भरायच्या आधी, त्यांत काय असावं हे खऱ्या कार्डाच्या माहितीपुस्तकात छापलेलं असतं. पण आधीच्या माणसानं एका खान्यात सुरुवातीलाच भरून ठेवलं होतं, की समोरच्याशी जोडणी झाली. समोर कुणी नाही, वायरसुद्धा नाही, तरी कार्ड आपलं म्हणतंय, झाली! त्यावर विश्वास ठेवून जुना प्रोग्रॅम बोलायला लागायचा आणि अडकून बसायचा.

"मग तू काय केलंस?"

"सुरुवातीला 'झाली नाही' असं ठेवलं. समोरून उत्तर आलं की मगच 'झाली'."

"एवढंच? आणि त्यासाठी आठवडाभर माझं जेवण गार केलंस?" मी म्हणाले. तो हसत हसत वर गेला.

त्याच सुमारास त्याच्या लग्नाचं चाललं होतं. विट्याला एका लग्नात त्यानं समीक्षाला पाहिलं होतं. ती मलकापूरला एका दवाखान्यात रक्त तपासते. "ताई, ती मलकापूरची..." एवढंच म्हणाला आणि कान लाल. मी काय समजायचं ते समजले आणि आकाराममामांना कळवलं. मामांनी अर्ध्या तालुक्याची लग्नं जमवलीत. त्यांची रीत ठरलेली. पोरीकडं जाऊन सांगायचं, पोराचा होकार हाय. पोराकडं येऊन सांगायचं, पोरीचा होकार हाय. समोरचा तयार आहे म्हटल्यावर दोघंही विरघळतात. आठवडाभरात मामांचा फोन आला, "पोरगी तयार हाय. रविवारी सुपारी फोडूनच येऊ!" मल्हारनं त्या दिवशी चक्क नवा शर्ट आणला.

मलकापूरला गेलो. पोहे झाले, पाट मांडले, आणि समीक्षा बाहेर येऊन उभी राहिली. "मामा, माझा होकार कुणी सांगितला तुम्हाला?"

"आवं, लाजतीय पोरगी!" मामा म्हणाले.

"लाजत नाहीये. मला कुणी विचारलंच नाही."

तिचे वडील धनाजीराव तापले. "आकाराम, पोरानं पसंत केलीया, आता न्हाई म्हणू नका, असं सांगितलंस मला!"

"मला तर कुणी विचारलंच नव्हतं," मल्हार म्हणाला. झालं! धनाजीराव मामांवर ओरडायला लागले, मामा चपला शोधायला लागले. माझ्या भावानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, आणि ते डोळ्यांदेखत निसटत होतं.

तेवढ्यात मल्हार उठला. मला वाटलं, निघाला. तो समीक्षाला त्या कार्डाची गोष्ट सांगायला लागला! सुपारीच्या बैठकीत! खाने, वायर, सगळं. मी डोक्याला हात लावला.

ती मात्र ऐकत होती. "म्हणजे नमुना तपासायच्या आधीच रिपोर्टवर नॉर्मल लिहायचं," ती म्हणाली.

"तेच. माझा होकार आहे, तो मी आज सांगतो, कारण माझा मला माहीत आहे. तुमच्या खान्यात मी काही भरणार नाही."

"विचार करून सांगते," ती म्हणाली आणि त्याचा नंबर घेतला.

"म्हंजे व्हय का न्हाई रं?" मामांनी बाहेर आल्यावर विचारलं.

"अजून काही नाही, मामा."

पुढचे दिवस काय सांगू! पोरगा फोन उशाशी घेऊन बसायचा, पण स्वतः लावायचा नाही. मामा म्हणाले, "मी जाऊन व्हय म्हणवून आनतो." मल्हारनं हातच जोडले. मी त्याला शिव्या घातल्या, देवाला नवस बोलले, परत त्याला शिव्या घातल्या.

आणि एका रविवारी समीक्षा एकटीच एसटीनं आली. दोघं वरच्या खोलीत बोलत बसली. चहा द्यायच्या निमित्तानं मी दोनदा जिना चढले, दोन्ही वेळा दोघं गप्प झाली, मेली! मी भाजीला फोडणी घालत होते, तेवढ्यात ती निघूनसुद्धा गेली.

मी वर पळाले. मल्हार खिडकीशी उभा होता. डोळे भरलेले. हे कसलं पाणी, काही कळेना.

"काय म्हणाली रे? बोल की!"

"ताई, ते तिनं सांगायचं. तिला विचार."

"अरे, मला तरी सांग! मी काय मामा आहे?"

त्यानं नुसती मान हलवली. मग मी तशीच, हळदीच्या हातांनी, रस्त्यावर धावले. ती चौकात एसटीची वाट बघत उभी होती. मी तिचा हात धरला. धाप लागली होती, तरी नीट विचारलं, "समीक्षा, माझा मल्हार तुला पसंत आहे का गं?"

"हो ताई," ती म्हणाली.