बैलाच्या माळेतली घुंगरं

लातूरहून रेणापूरला जाणाऱ्या एसटीत एक शेतकरी माझ्या शेजारी बसले होते. मांडीवर कापडी पिशवी होती. खड्डा आला की ते तिच्यावर तळहात दाबून धरायचे, तरी आतली घुंगरं वाजायचीच.

"नववीला नाचाचा विषय हाय आता, मार्कबी हायत," ते म्हणाले. "ट्रॅक्टर आल्यापासून बैलाची घुंगरमाळ पडून होती. उसवली, चिंचेनं घासली अन् पोरीसाठी पट्ट्यावर शिवली. बाई चालवून घेतील का?"

"घेतील. आवाज तेवढा मोठा येईल."

"येऊ द्या. आपल्याला वर्गात कोण घेतंय? फाटकाबाहेरूनच कळंल, पोरगी नाचायलीय."

पुढच्या खड्ड्याला त्यांनी पिशवीवरचा हात उचलून धरला.