आज कोणता शब्द?

जीप सुरू करण्याआधी काका समोरचा आरसा खाली वळवायचे, मागच्या सीटवरच्या पाहुण्यांकडे एकदा बघायचे आणि हळूच मला विचारायचे, "ताई, आज कोणता शब्द?"

मी जव्हारच्या एका संस्थेत काम करते. इंग्रजीत अर्ज आणि अहवाल लिहायचे, आणि मुंबईहून देणगीदार आले की त्यांना पाड्यांवर न्यायचं. लिहिणं मला जमतं. पाहुण्यांशी बोलायची वेळ आली की मात्र मी वहीत डोकं खुपसते. आमच्या जीपवाल्या काकांनी हे पहिल्याच दिवशी ओळखलं आणि माझ्या वाटचं बोलणं स्वतःकडे घेतलं.

काकांना इंग्रजी येत नव्हतं. पण इतकी वर्षं पाहुण्यांची ने-आण करून गरिबीचे सगळे इंग्रजी शब्द त्यांना पाठ झाले होते. "शब्द कळला की सामान कळतं," ते म्हणायचे. नीडी म्हणणारे ब्लँकेटं आणतात. अंडरप्रिव्हिलेज्ड म्हणणारे दप्तरं आणतात, तीही बहुतेक निळी. व्हल्नरेबलवाल्यांच्या गाडीत पोरांना तोलायचा वजनकाटा असायलाच हवा.

"आणि डिप्राइव्ड?" मी विचारलं.

"त्यांचं काय ठरलेलं नाय. कधी वह्या, कधी चपला. एकदा नुसते टूथब्रश."

मार्जिनलाइज्डवर मात्र त्यांचा राग होता. "ते नुसतं विचारतात. वर चहा पण आपलाच पितात."

मी हे सगळे शब्द एकच समजत होते. एका परिच्छेदात तोच शब्द दोनदा येऊ नये असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं, म्हणून मी ते आलटून पालटून वापरायचे. काकांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना जीप कडेला घ्यावी लागली. "म्हणजे तुम्ही चवीला बदलता होय!"

पाड्याच्या अलीकडच्या वळणावर ते हॉर्न द्यायचे. ब्लँकेटांसाठी दोन, दप्तरांसाठी तीन, वजनकाट्यासाठी एक लांब. तो लांब हॉर्न ऐकला की पोरं आंब्यावर चढून बसायची. मार्जिनलाइज्ड असतील तर हॉर्नच नाही. "शेतातली माणसं कशाला उठवा?"

एकदा दोन हॉर्न देऊन आम्ही पोचलो, तर एक आजी गेल्या वर्षीचं ब्लँकेट घाईघाईने भाताच्या कणगीत कोंबत होती.

"लपवते कशाला गं आजी?" काकांनी विचारलं.

"आधीच कोणी दिलंय असं कळलं, तं या पोरींचा हिरमोड व्हईल ना!"

त्या पोरी म्हणजे मुंबईच्या चार मॅडम. आजीने त्यांच्याकडून दोन्ही हातांनी नवं ब्लँकेट घेतलं आणि लगेच अंगावर ओढून दाखवलं. मे महिना होता.

स्वतः काकांना मात्र एकच गोष्ट हवी होती. त्यांचा पाडा खोडाळ्याच्या रस्त्यापासून आत, ओहळापलीकडे. शाळा ओहळाच्या अलीकडे. नात दुसरीत होती. आषाढात पाणी चढलं की ती घरी बसायची, ती थेट दसऱ्यापर्यंत. मग मागचे धडे पुन्हा पहिल्यापासून.

"ताई," एक दिवस त्यांनी विचारलं, "ओहळावर चालत जाण्यापुरता साकव कोणत्या शब्दात बसतो?"

मी डिप्राइव्ड लिहून अर्ज केला. नम्र नकार आला. मार्जिनलाइज्ड लिहून केला. तीन जण आले, प्रश्न विचारले, चहा पिऊन गेले. तिसऱ्यांदा अंडरप्रिव्हिलेज्ड लिहिलं आणि ऐन आषाढात पाड्यातल्या सगळ्या पोरांना पार्सलने निळी दप्तरं आली. नातीने दप्तर पाठीला लावलं, ओहळापर्यंत गेली आणि पाणी बघून परत आली.

त्या संध्याकाळी काका पहिल्यांदाच चिडून बोलले. "हे सगळे येतात थंडी-उन्हाळ्यात. तेव्हा ओहळ कोरडा. धोंड्यांवरून उड्या मारत जातात नि म्हणतात, काय सुंदर जागा! श्रावणात आणा त्यांना. शब्द राहू द्या, पाणी दाखवा."

पण पावसात कोणी पाहुणे येत नसत. त्यांना बोलवायचं तर फोन करायला हवा होता, आणि मी आभारसुद्धा ईमेलने मानणारी मुलगी. दोन दिवस मी वाक्यं पाठ केली. मग काकांनी रेंज येते त्या चढावर जीप उभी केली आणि मी दप्तरांवाल्या मॅडमना फोन लावला. त्यांनी इंग्रजीत विचारलं, हे कोणत्या गटात मोडतं? पाठ केलेलं सगळं मी विसरले. तोंडातून मराठीच आलं. "मॅडम, इथे पाणी आहे. तुम्ही श्रावणात या आणि बघा."

काका फडक्याने समोरची काच पुसत होते. काच स्वच्छच होती.

मॅडम आल्या. ओहळ लालभडक होऊन गर्जत होता. काकांनी तीन हॉर्न दिले, आणि पलीकडच्या काठावर पोरं धावत आली. पाठीला निळी दप्तरं. पाहुण्यांनी दिलेली वस्तू त्यांना दिसायला हवी ना!

"अरे, या तर आपल्याच बॅगा!" मॅडम म्हणाल्या आणि हात हलवू लागल्या. पोरांनीही हात हलवले. ती काहीतरी ओरडत होती, पण पाण्यापुढे एक अक्षर ऐकू येईना. मॅडमचा हात हळूहळू खाली आला. छत्री उलटी होईपर्यंत त्या तिथे उभ्या होत्या. मग वळून त्यांनी विचारलं, "रुंदी किती असेल?"

काकांनी सीटखालून गाठी मारलेली दोरी काढली. "सत्तावीस हात. मोजून ठेवलीय कधीची."

पुढच्या पावसाळ्याआधी लोखंडी साकव उभा राहिला.

गेल्या वर्षी काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि मुलाने त्यांच्या हातून जीपची चावी काढून घेतली. आता दुसरा ड्रायव्हर येतो. तो काही विचारत नाही; आरशात स्वतःचा भांग बघतो. पाहुण्यांशी मीच बोलते, अडखळत, आणि त्यांना शक्यतो पावसातच बोलावते.

परवा एक नवा गट आला. त्या चढावर मी जीप थांबवायला लावली आणि काकांना फोन केला.

"काका, नवा शब्द आलाय. अंडरसर्व्ड."

त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला. "सामान काय?"

"अजून कळलं नाही."

"आधी पाणी दाखवा, मग..." ते मध्येच थांबले. फोनमध्ये ओहळाची गर्जना होती, आणि तिच्यावरून साकवाच्या पत्र्याची धडधड येत होती. बारीक पावलांची, एकामागे एक.

"शाळा सुटली," काका म्हणाले. "ऐका."

मागच्या सीटवरचे पाहुणे खोळंबले होते. मी फोन कानाशी तसाच धरून बसले.