मुद्देमाल साहेब प्यायले

घाटकोपरची रंगाच्या पाण्याची केस मी एकट्यानं सोडवली. खरं सांगायचं तर पुरावा माझ्याच हातून गेला, म्हणून ती सुटली. नोकरीतलं बाकी सगळं विसरलो, ही केस काही विसरत नाही.

मी नवा हवालदार. शाळा पाहिलेली नाही, सही तेवढी यायची. एक परटीण ठाण्यात आली आणि लग्नघरची धोतरं टेबलावर आपटली. पांढरी धोतरं, सगळी गुलाबी!

"वरची कापड रंगवायची शेड ओढ्यात रंग सोडते. पाच घरची गिऱ्हाइकं तुटली माझी. आता कपड्यांची एक घडी बिघडली तर माझी धुण्याची भट्टी विझली समजा."

मी शेडला निरोप धाडला, 'उद्या तपासाला येतो.' गेलो. शेठनं कोळशानं भरलेली पिंपं दाखवली. "पाणी यातून गाळून सोडतो, हवालदारसाहेब." खालून नितळ पाणी! मी परत येऊन परटिणीलाच दम दिला. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा धोतरं लाल निघाली, तेव्हा मी पेटलो. म्हटलं, आता सोडायचं नाही.

ओढ्यातलं लाल पाणी कळशीभर आणलं. दारूबंदीचे दिवस, ठाण्यातल्या बाटल्या हातभट्टीच्या मुद्देमालानं भरलेल्या. कोपऱ्यात मडक्यांची उतरंड होती. वरच्या मडक्यात ओतून ठेवलं. आत पाणी गाळायचा कोळसा आहे आणि बुडाला भोक आहे, हे ठाण्यात मला एकट्यालाच ठाऊक नव्हतं.

दुपारी मुद्देमाल गायब! खालच्या मडक्यात स्वच्छ पाणी, आणि ठाण्याचे साहेब पेला रिकामा करून विचारतायत, "आज पाण्याला चव कसली रे?"

शिव्या खाल्ल्या आणि पुन्हा ओढ्यावर गेलो. कळशीवर कळशी त्याच मडक्यात ओतली. आधी नितळ आलं, मग गुलाबी, मग लालच. कोळशाचं पोट भरलं होतं.

या वेळी न सांगता शेडवर गेलो. पिंपाखाली पाणी लालभडक. शेठ म्हणाला, "कोळसा आहे की साहेब!"

"आहे. बदलला कधी?"

शेठ पिंपावर झाकण ओढायला लागला. म्हातारा रंगारी बोलून गेला, "तुम्ही मागं आलात ना, तेव्हाच. निरोप आला की बदलतो."

पंचांसमोर पंचनामा झाला. खटला उभा राहिला, आणि शेठ आठवड्याला कोळसा बदलायला लागला. मी शिकलो ते इतकंच, आपण काय विचारणार हे समोरच्याला आधी कळलं की उत्तर तयार असतं.

शाबासकी घ्यायला ओढ्यावर गेलो. दोरीवर धोतरं पांढरीशुभ्र. म्हटलं, "बाई, कसा काय वाटला तपास?"

"तपास मडक्यानं केला, हवालदार. तुम्ही नुसतं पाणी ओतलंत. आता सरका, धोतरावर सावली पडतेय."