बरणीची जबाबदारी

आयुष्यभर मी लोकांचे अर्ज परत पाठवले. श्रीवर्धनच्या एका सरकारी कचेरीत खिडकीमागे बसून "सही इथं नाही, तिथं", "झेरॉक्स दोन लागतात", "उद्या या" असं म्हणत माझी नोकरी झाली. त्या सगळ्या लोकांचे तळतळाट फळाला आले ते मी निवृत्त झाल्यावर, आणि तेही थेट जर्मनीतून.

त्याचं असं झालं. श्रावणात आमचे सासरे गेले आणि सासूबाईंनी खाट धरली. दुखणं म्हणावं तर काही नव्हतं. डॉक्टरांनी नाडी बघितली, रक्त बघितलं, म्हणाले, सगळं ठीक आहे. पण त्या काही उठेनात. ज्या बाईनं तीस वर्षांत मला एकदाही माझ्या मनासारखी फोडणी घालू दिली नाही, ती "कर तुला हवं तसं" म्हणायला लागली. पौषात परसातल्या आंब्याला मोहोर धरला. निदान तो तरी बघतील म्हणून मी त्यांना हाताला धरून पडवीत आणलं. बघितल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "येऊ दे. यंदाचा आंबा मी काय बघत न्हाय."

मला राग आला आणि रडूही आलं. रागच जास्त आला.

कैऱ्या लिंबाएवढ्या झाल्या असतील, तेव्हा एक फोन आला. माझ्या मैत्रिणीची भाची जर्मनीत असते, तिथं इंटरनेटवर कोकणातल्या घरगुती पदार्थांचं दुकान चालवते. लहानपणी सुट्टीत आमच्याकडे खाल्लेला मुरांबा तिला आठवला होता. "मावशी, आजींच्या हातचाच हवा. ऑर्डर मी घेते, पार्सल तुमच्या घरातून थेट गिऱ्हाइकाला." मी फोन सासूबाईंच्या कानाला लावला. बराच वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "सायबाच्या लोकांना वेलदोडा चालतो काय गं?" आणि उठून बसल्या.

खाण्याच्या पदार्थांचे परवाने, तपासण्या यांबद्दल मी बोलणार नाही, रक्तदाब वाढतो. ते सगळं पार पडलं. कैऱ्या किसल्या, पाक झाला, सासूबाई चुलीपुढे बसून मला शिव्या घालायला लागल्या. "अगं ढवळ, हात मोडलाय काय!" इतक्या गोड शिव्या मी जन्मात खाल्ल्या नव्हत्या. पहिल्या बरण्या रवाना झाल्या आणि आठवड्याभरात पोरीचा रडवेला फोन.

"मावशी, माझं चुकलं. वेष्टनाचं राहिलंच."

"कसलं वेष्टन?"

मग तिनं समजावलं. तिकडं म्हणे जो कोणी माल पाठवतो, त्यानं त्या मालाच्या वेष्टनाचा कचरा होणार हे आधीच कबूल करायचं. आपलं नाव नोंदवून नंबर घ्यायचा. बरणीची काच किती, झाकणाचा पत्रा किती, कागद किती, चिकटपट्टी किती, सगळं ग्रॅममध्ये कळवायचं आणि तो कचरा उचलायचा खर्चही भरायचा. पार्सल निघतं आमच्या घरातून, म्हणून हे सगळं आमच्या गळ्यात. आठवड्यात नंबर मिळाला नाही, तर आजींचा मुरांबा दुकानातून काढावा लागेल.

मी फोन ठेवला आणि खाटेकडे बघितलं. खाट रिकामी होती. सासूबाई परसात कैऱ्या पाडणाऱ्या गड्यावर ओरडत होत्या. ही खाट पुन्हा भरू द्यायची नाही, मग त्या जर्मनीला आमच्या सुतळीचं वजन सांगावं लागलं तरी चालेल, असं मी ठरवलं.

आणि सुतळीचं वजन खरंच सांगावं लागलं. सासूबाई बरणीच्या झाकणावर खणाचा तुकडा घालून सुतळीनं बांधतात. आमच्या घरचा काटा पाव किलोच्या खाली बोलत नाही. म्हणून एक झाकण, एक खण, हातभर सुतळी आणि चिकटपट्टी घेऊन मी बाजारपेठेतल्या सोनाराकडे गेले. तिथं लग्नाचं गिऱ्हाईक बसलेलं, मंगळसूत्राच्या वाट्यांवर घासाघीस चाललेली.

"काय वहिनी, मोड द्यायचीय का?"

"सुतळीचं वजन करा."

सोनारानं चष्मा वर केला. "किती कॅरेटची?"

नवऱ्यामुलीची आई फिस्सकन हसली. चिकटपट्टी काट्याच्या पारड्यालाच चिकटली आणि ती सोडवायला सोनाराला चिमटा वापरावा लागला. पण माणूस भला. त्यानं एकेक जिन्नस तोलून दागिन्यांच्या गुलाबी कागदावर लिहून दिला: सुतळी दोन ग्रॅमला जरा कमी. खाली सवयीनं लिहिलं, "घडणावळ नाही".

रोज दुपारी मी पडवीत बसून तो अर्ज भरायचे. दोनदा परत आला. सही इथं नाही, तिथं. मी कोणाला बोलणार? सासूबाई शेजारी कैऱ्या सोलत असायच्या. त्यांनाही कळावं म्हणून मी एकदा मराठीत वाचून दाखवलं, "माल विकला तरी वेष्टनाची जबाबदारी विकणाऱ्याचीच राहते."

"व्हय तर," त्या म्हणाल्या. "त्यात नवीन काय? मुरांबा त्यांचा, बरणी आपली."

मी मान डोलावली. तिथंच माझं चुकलं.

नंबर मिळाला. मी पेढे वाटले, सोनारालाही दिले. पुढची पार्सलं गेली आणि पुन्हा फोन. या वेळी पोरगी रडत नव्हती, किंचाळत होती. "मावशी, बरण्यांवर चिठ्ठी कोणी लावली?"

"कसली चिठ्ठी?"

खणाच्या खाली, झाकणावर, प्रत्येक बरणीला सासूबाईंच्या अक्षरात चिठ्ठी होती: "बरणी परत पाठवणे. रिकामी नको." गिऱ्हाइकांनी फोनचा कॅमेरा धरून तिचं भाषांतर केलं होतं. तिघांनी दुकानात विचारलं, परत कुठं पाठवायची? एकानं विचारलं, आत काय घालायचं? आणि वेष्टनाचा नंबर देणाऱ्या तिकडच्या खात्यानं, पोरीनं विचारल्यावर, तिला कळवलं की परत घ्यायच्या बरण्यांचा कायदा वेगळा. परत घेणार असाल तर तशी व्यवस्था दाखवा, नाहीतर चिठ्ठी काढा, तोवर विक्री बंद.

मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. "आई, काय हा उपद्व्याप?"

"तूच वाचलंस न्हाय का? जबाबदारी आपली. मग बरणी परत नको?"

"अहो, तसं नाही ते! ते कचऱ्याबद्दल आहे!"

"कचरा?" त्यांचा हात थांबला. "माझ्या बरणीला कचरा म्हणतात?"

आता इथं सांगायला हवं. आमच्या आळीत डबा कधी रिकामा परत जात नाही. शेजारून कालवण आलं, तर वाटी जाताना तिच्यात दोन केळी, चार सुपाऱ्या, काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची. आणि ही भांडी पोचवायचं काम आमच्या सासऱ्यांचं असायचं. रोज संध्याकाळी दोन्ही हातांत वाट्या धरून ते आळीभर फिरायचे आणि घराघरांत चहा पिऊन तासाभरानं परतायचे. ते गेल्यावर आमच्या फळीवर लोकांची पाच भांडी तशीच पडली होती. ती पोचवायचं मला सुचलंच नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "चिठ्ठी काढायची असंल, तर मुरांबा पण नको." आणि जाऊन खाटेवर बसल्या. आडव्या झाल्या नाहीत, नुसत्या बसल्या. मी धावत जाऊन कागद-पेन घेऊन आले.

तीस वर्षांची कारकुनी शेवटी कामाला आली. कायदा मोडत नाही आणि माणूसही मोडत नाही, असा मजकूर लिहिणं हीच तर आमची विद्या. मी नवी चिठ्ठी लिहिली आणि पोरीकडून तिचं जर्मन करून घेतलं: "ही बरणी परत पाठवू नका, ती तुमचीच आहे. आमच्याकडे भांडं रिकामं देत नाहीत, निदान चिमूटभर साखर घालतात. तुम्हीही कोणाला द्याल तेव्हा रिकामी देऊ नका." खातेवाल्यांची हरकत नव्हती. फक्त नव्या चिठ्ठीचं वजन कळवा म्हणाले. सोनारानं मला लांबून बघितलं आणि आपणहून काटा पुसला.

सासूबाईंनी चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. "परत पाठवू नका कशाला लिवलंस?" एवढं पुटपुटल्या, पण उठल्या. त्याच संध्याकाळी मी फळीवरची पाच भांडी साखर घालून आळीत पोचवली. पाच घरी चहा झाला आणि पाचही घरी रडणं झालं.

गणपतीला पोरगी गावी आली तेव्हा सासऱ्यांचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. तिनं पिशवीतून एक बरणी काढली. आमचीच, खणासकट. तिच्या गिऱ्हाइकांपैकी एक जर्मन आजी तिच्या घराजवळच राहतात. एकट्याच असतात. चिठ्ठी वाचूनही त्या स्वतः चालत येऊन बरणी देऊन गेल्या होत्या. आत साखरेचे चौकोनी खडे होते, अगदी काठोकाठ भरलेले.

"परत पाठवू नका असं लिहिलं होतं ना?" मी म्हटलं.

"मीही तेच म्हणाले, मावशी. त्या म्हणाल्या, असं कुठं असतं का?"

सासूबाईंनी एक खडा गणपतीपुढे ठेवला, एक तोंडात टाकला. बाकीचे डब्यात ओतले, बरणी विसळली, उन्हात पालथी घातली. वाळल्यावर खण नीट घडी करून आत ठेवला आणि वरच्या फळीवर, सासऱ्यांच्या चष्म्याच्या डबीशेजारी बरणी ठेवून दिली.

"हिला कोणी हात लावू नका," त्या म्हणाल्या. "आता ही त्या बाईची. पुढच्या आंब्याला मी भरून देते."